उन्मत्त आणि उन्मत्तवत्

बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्ड म्हणून जी वस्ती आहे, ती १८८२ साली युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवाडीसाठी वसविली गेली. डी. एस. व्हाइट या गृहस्थांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या जमिनीवर ती उभी राहिली, म्हणून तिला हे नाव पडले. आज त्या जमिनीवर संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. तथापि जुनी चर्चे, बैठे बंगले आणि ख्रिस्ती संस्थांची काही शांत आवारे अद्याप टिकून आहेत. अशाच एका आवारात आम्ही काही भाषाभ्यासक महिन्यातून एकदा जमतो आणि आपापल्या भाषेतील जुने धार्मिक गद्य एकमेकांना वाचून दाखवितो. मंडळी कन्नड, तमिळ, मलयाळम आणि मराठी अशा भाषांची आहेत. मराठीचा मी एकटाच आहे. प्रस्तुत टिपण त्या बैठकीत निघालेल्या एका वादातून सुचले आहे. वाद वरवर पाहता एका प्रत्ययाचा होता. मला मात्र तो आपल्या वाङ्मयसमीक्षेच्या एका जुन्या सवयीचा वाटतो.

त्या दिवशी एका मल्याळी स्नेह्यांनी पॅलाडियसचा उतारा निवडला होता. पॅलाडियस हा आशिया मायनरमधील हेलेनोपोलिस येथील बिशप. इ. स. ४१९-२०च्या सुमारास त्याने लौसस नावाच्या राजदरबारातील अधिकाऱ्यासाठी इजिप्तमधील तपस्व्यांच्या हकीकती लिहून काढल्या. त्यांतील एक ताबेन्नेसी येथील स्त्रियांच्या मठाची आहे. मठात सुमारे चारशे भगिनी असतात. त्यांतील एक वेडी म्हणून ओळखली जाते. इतरांच्या डोक्यावर मठाचे शिरोवस्त्र, तर हिच्या डोक्यावर एक चिंधी गुंडाळलेली. ती स्वयंपाकघरात राबते. तिला पंगतीत बसून जेवताना कोणी पाहिलेले नाही. मेजावरचे कण आणि भांड्यांच्या तळचे खरवडलेले एवढेच तिचे अन्न. बाकीच्या भगिनी तिला मारतात, शिव्या देतात, खरकटे पाणी तिच्या अंगावर ओततात. दूरच्या डोंगरात राहणाऱ्या पितेरूम नावाच्या तपस्व्याला देवदूत येऊन सांगतो की तुझ्याहून श्रेष्ठ अशी एक स्त्री त्या मठात आहे आणि तिच्या मस्तकी मुकुट आहे. तो मठात येऊन सर्वांना समोर बोलावतो. सगळ्या येतात, ही येत नाही. ‘आत एक वेडी आहे तेवढी राहिली’, असे त्याला सांगितले जाते. तिला ओढून आणतात. चिंधी पाहताच तो तिच्या पायांवर पडतो आणि आशीर्वाद मागतो. भगिनी चकित होतात. वेड्या तुम्ही आहात, असे तो त्यांना सुनावतो, आणि हिला ‘अम्मा’ म्हणतो. (त्या वाळवंटातील आध्यात्मिक मातांना हीच संज्ञा होती. हा शब्द ऐकून आमच्यातील द्राविडी भाषकांना साहजिकच हसू आले.) मग एकेक भगिनी आपण केलेल्या छळाची कबुली देते. थोड्याच दिवसांत, तो मानसन्मान सहन न होऊन, ती मठ सोडून निघून जाते. ती कोठे गेली हे कोणालाही कळले नाही.

वाचन संपल्यावर सर्वांनी मान डोलावली. आमच्यात एक वयोवृद्ध भगिनी येतात. मनोरुग्णांच्या शुश्रूषेत त्यांची हयात गेली आहे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘आणि ती खरोखरच वेडी असती तर?’

या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. पॅलाडियसजवळ ते नाही. त्याच्या मते त्या स्त्रीने वेडाचे सोंग घेतले होते, आणि भगिनींच्या अपराधाचे स्वरूप एवढेच की त्यांनी सोंग ओळखले नाही. खरकटे पाणी ओतणे वाईट, कारण ते एका संत स्त्रीवर ओतले गेले. चारशे जणींच्या मठात एखादी खरोखर भ्रमिष्ट असती, तर तिच्या अंगावर तेच पाणी ओतण्याविषयी ही कथा काही म्हणत नाही.

पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत या सोंगाला पुढे एक संप्रदायच लाभला. त्याचे मूळ पॉलच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दाखविले जाते. ख्रिस्तासाठी आपण मूर्ख ठरलो आहोत, असे तो तेथे म्हणतो. त्याचा शब्द ‘मोरोस’, आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘मूर्ख’ हाच शब्द योजला जातो. मूर्खपणा हा बुद्धीचा दोष. त्याच्या उलट शहाणपण असते आणि त्या दोहोंत अलंकारिक विरोध साधता येतो. पॅलाडियसच्या भगिनी वापरतात तो शब्द वेगळा आहे, ‘सालोस’. तो लोकांच्या बोलण्यातला आहे आणि त्याचा अर्थ वेडा, खुळा असा आहे. मूर्खापासून वेड्यापर्यंतचे हे अंतर पार करताना चरित्रकारांना एक आधार लागला, आणि तो त्यांना सोंगाच्या कल्पनेत मिळाला.

याचे पूर्ण विकसित रूप सातव्या शतकात सायप्रसमधील नेआपोलिसचा बिशप लेओंतिओस याने लिहिलेल्या सिमेओनच्या चरित्रात दिसते. सिमेओन मृत समुद्राजवळच्या वाळवंटात एकोणतीस वर्षे तप करून सीरियातील एमेसा (आजचे होम्स) या शहरात येतो, तोच मुळी उकिरड्यावर सापडलेले मेलेले कुत्रे कमरेच्या दोरीला बांधून, फरफटत. पोरे मागे लागतात. चर्चमध्ये तो दिवे विझवतो, बायकांवर कवचीची फळे फेकून मारतो, खाऊवाल्यांची मेजे उलथून टाकतो, उपवासाच्या दिवशी मांस खातो. चरित्रकार हे सगळे मोठ्या चवीने सांगतो आणि दर चार पावलांवर वाचकाला धीर देतो की हे वरवरचे आहे, आत अखंड प्रार्थना चालू आहे. सिमेओननेच देवाजवळ मागणे मागितले आहे की आपले खरे रूप मरणापर्यंत झाकलेले राहावे. मरणानंतर ते उघड होते. पुरलेले शव थडग्यात सापडत नाही. गावाला पश्चात्ताप होतो. एक गोष्ट मात्र लेओंतिओसच्या पदरात घातली पाहिजे. पिशाचबाधा झालेल्या लोकांविषयी सिमेओनला विलक्षण कळवळा होता, आणि तो त्यांच्यातलाच एक होऊन त्यांच्या संगतीत राही, असे त्याने नमूद केले आहे. सबंध चरित्रात सोंगाची चौकट थोडी सैल होते ती येथेच.

चर्चच्या अधिकाऱ्यांना हे प्रकरण फारसे रुचले नाही. ६९१-९२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदेच्या साठाव्या नियमाने पिशाचबाधेचे सोंग घेणाऱ्यांना शासन सांगितले. तरीही ही परंपरा टिकली, रशियात तर फोफावली. मॉस्कोच्या प्रसिद्ध कॅथीड्रलला लोक ज्याच्या नावाने ओळखतात तो वासिली अशांपैकीच एक.

आपल्याकडे हीच चौकट अधिक नेमक्या शब्दांत मांडलेली आहे. पाशुपतसूत्रांत व त्यांवरील कौंडिन्याच्या भाष्यात साधकाने लोकांत झोपेचे सोंग घ्यावे, अंगाला कंप आणावा, लंगडत चालावे, स्त्रियांपुढे कामुकाचे चाळे करावेत, आणि त्यातून अवमान ओढवून घ्यावा, असा विधी सांगितला आहे. अवमान करणाऱ्याचे पुण्य साधकाकडे येते आणि साधकाचे पाप त्याच्याकडे जाते, असा त्यातील हिशेब. हा ग्रंथ १९४०मध्ये त्रिवेंद्रमहून छापला गेला. पुढे डॅनियल इंगल्स यांनी १९६२च्या एका निबंधात पाशुपतांची ग्रीक सिनिकांशी तुलना केली. तेव्हापासून हा विषय तौलनिक धर्माभ्यासात रुळला. जाबालोपनिषद परमहंसांची नामावळी देते, तीत दुर्वास, जडभरत, दत्तात्रेय ही नावे आहेत. ते उन्मत्त नसून उन्मत्तवत् वागतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. सगळे रहस्य त्या ‘वत्’ प्रत्ययात साठविलेले आहे. तो काढून घेतला, तर परमहंस आणि रस्त्यावरचा वेडा यांच्यात फरक उरत नाही. मराठीत ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अमानित्वाचे विवरण करताना हेच फार सुंदर रीतीने सांगितले आहे. बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता असूनही, मोठेपणाच्या भयाने वेडेपणात दडून बसणारा ज्ञानी ते आपल्यापुढे उभा करतात. वेडेपण ही तेथे दडण्याची जागा आहे.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ज्ञानेश्वरी इ. स. १२९०ची. तिच्या अगोदर दोन-तीन वर्षे, १२८७च्या सुमारास, वऱ्हाडात रिद्धपूर येथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांनी देह ठेवला. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी ते एक. चक्रधरांना ज्ञानशक्ती लाभली ती त्यांच्याकडून. चक्रधर निघून गेल्यावर नागदेव आणि इतर शिष्य रिद्धपुरास येऊन त्यांच्या सेवेत राहिले. त्यांच्या मागे म्हाइंभटाने पाहणाऱ्यांच्या तोंडून आठवणी गोळा करून त्यांचे चरित्र सिद्ध केले. तीनशेहून अधिक लहानलहान लीळांचा हा ग्रंथ इतर महानुभाव ग्रंथांप्रमाणे शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना अज्ञात राहिला. वि. भि. कोलते यांनी तो १९४४मध्ये संपादून प्रसिद्ध केला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतर १९८४मध्ये आले.

या लीळांतून दिसणारा माणूस कसा आहे? तो कोणाच्याही घरात शिरतो आणि मडक्यात हात घालून खातो. देवळातील मूर्तींशी बोलतो, खेळतो. पोरांत पोर होतो. स्वतःशी पुटपुटतो. करावे म्हणतो, लगेच करू नये म्हणतो. जावे म्हणतो, जाऊ नये म्हणतो. त्याच्या बोलण्याची ही दुहेरी लय म्हाइंभटाने इतक्या निष्ठेने टिपली आहे की तेराव्या शतकातील मराठी बोलण्याचा इतका जिवंत नमुना दुसरा दाखविणे कठीण. तो मांग-महारांच्या घरी जातो आणि तसाच उठून दीक्षित ब्राह्मणांच्या घरी येतो. राऊळांनी रिद्धपूर बाटवले, अशी तक्रार होते. लोक त्याला वेडा म्हणतात, पिसा म्हणतात. तेच लोक त्याला आई म्हणतात आणि बापही म्हणतात. एकदा त्याला लग्नाची हौस वाटते. शिष्य ती पुरवायला निघतात, लग्नाची सगळी तयारी होते, आणि त्या प्रसंगी गायला म्हणून महदाइसा धवळे रचते. मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना एका वेड्या म्हटल्या जाणाऱ्या वृद्धाच्या लग्नाच्या लहरीतून निघाली, या गोष्टीचा वाङ्मयेतिहासात व्हावा तितका विचार झालेला नाही असे मला वाटते.

म्हाइंभट हे सारे सांगतो. तो गोविंदप्रभूंना परमेश्वर मानतो, आणि त्यांचे सामर्थ्य दाखविणाऱ्या लीळाही पुष्कळ देतो. परंतु लेओंतिओसप्रमाणे तो मध्येच थांबून वाचकाच्या कानात सांगत नाही की घाबरू नका, हे नाटक आहे. शेवटी पडदा वर जात नाही. रिद्धपूरच्या लोकांना फसविले गेल्याचा पश्चात्ताप होत नाही, कारण त्यांना कोणी फसविलेलेच नसते. राऊळ होते तसे होते आणि ते गेल्यावर गाव पोरके झाले.

आपल्या अभ्यासकांनी मात्र तो पडदा स्वतःच्या हाताने लावून पुन्हा वर केला आहे. ‘वेडाचे पांघरूण’, ‘बाह्यतः उन्मत्त, अंतरी पूर्णज्ञानी’ अशा शब्दप्रयोगांनी गोविंदप्रभूंची ओळख करून देण्याचा प्रघात आहे, आणि मीही अनेक वर्षे वर्गात तेच सांगत आलो. ज्ञानेश्वरांची उपमा आम्ही म्हाइंभटाच्या गद्यावर चढविली. त्याने न वापरलेला ‘वत्’ आम्ही पदरचा घातला.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. महानुभाव तत्त्वविचारातच परमेश्वर उन्मत्तादी अवस्था ‘स्वीकारतो’ अशी परिभाषा आहे; मग स्वीकार म्हणजे सोंगच नव्हे काय? माझे उत्तर असे की त्याच परिभाषेत परमेश्वर देहही स्वीकारतो, आणि तो देह खोटा आहे असे कोणताही महानुभाव म्हणणार नाही. त्या देहाला भूक लागते, तो थकतो, आजारी पडतो; लीळांना अर्थ आहे तो यामुळेच. स्वीकारलेला देह खरा असेल, तर स्वीकारलेले वेडही खरे का नसावे?

हा युक्तिवाद ख्रिस्ती विचारालाही परका नाही, आणि येथे मला त्या परंपरेतील एका विसंगतीकडे लक्ष वेधायचे आहे. ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते, क्रुसावरच्या वेदना दिसण्यापुरत्या होत्या, असे मानणारा एक पक्ष आरंभीच्या शतकांत होता. ग्रीकमधील ‘भासणे’ या क्रियापदावरून त्याला भासवादी म्हणता येईल. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नाशियसने त्याच्यावर कडाडून टीका केली, आणि चर्चने तो पक्ष पाखंड ठरविला. देवाने भूक पत्करली ती खरी, मरण पत्करले ते खरे, हा त्या धर्माचा कणा झाला. असे असता, त्याच धर्मातील संतचरित्रकार वेडापाशी येतात तेव्हा मात्र भासवादी होतात! दारिद्र्य खरे, उपवास खरा, जखमा खऱ्या, पण वेड दिसण्यापुरते. देव आणि त्याचे संत सर्व दुःखांत उतरू शकतात, या एका दुःखात उतरू शकत नाहीत. ताबेन्नेसीच्या स्वयंपाकघरात तिच्या डोक्यावरची चिंधी हा मुकुट ठरला खरा, पण ती आतून शहाणी आहे या अटीवर.

वेड म्हणजेच पावित्र्य, असे मात्र मला सुचवावयाचे नाही. अलीकडे परदेशी सिद्धांतांच्या आधाराने वेडाचा गौरव करण्याची जी प्रवृत्ती आढळते, तिच्याविषयी मला धास्तीच वाटते. तिच्यावर उतारा आपल्याकडे एका ख्रिस्ती मराठी लेखिकेनेच दिला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४मध्ये निघाला. त्यात त्यांनी आपल्या वडिलांचे सोवळे वर्णिले आहे. १८५७च्या धामधुमीत घरातील वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्या आघातानंतर त्या गृहस्थांना शुचितेने पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ही परम धर्मनिष्ठाच वाटावी. लक्ष्मीबाई त्यावर भाष्य करीत नाहीत, हसतात आणि हसवतात, पण त्या धुण्यापुसण्याचा भार घरातील बायकामुलांवर कसा पडे हे त्या एका क्षणासाठीही नजरेआड होऊ देत नाहीत. भार कोणी वाहिला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो संतचरित्रांनाही विचारला पाहिजे.

तसा तो म्हाइंभटाला विचारून पाहावा. उत्तर भरपूर मिळते. राऊळ कोणाच्या घरी शिरले, त्या घरच्या बाईने काय वाढले, ती रागावली की हसली, कोणी आंघोळ घातली, शिष्यांनी हट्ट कसे पुरविले, वाद कसे घातले, थकले कसे, या तपशिलांनी ग्रंथ भरलेला आहे. एका परीने हे एका गावाने एका माणसाला कसे सांभाळले याचे चरित्र आहे. त्या माणसानेही गावाला सांभाळले. मातंगांच्या वस्तीची पाण्यावाचून होणारी तगमग त्यांनी दूर केल्याची लीळा प्रसिद्धच आहे. ही देवघेव सोंगाच्या चौकटीत बसत नाही. सोंग मानले की गाव मूर्ख ठरते आणि त्याचे वाढणे-न्हाऊ घालणे हे केवळ अज्ञान ठरते. (त्या रिद्धपुरात आता मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले आहे. करावे आणि करू नये एका दमात म्हणणाऱ्या माणसाच्या गावी विद्यापीठ व्हावे, हे मला सर्वथा उचित वाटते.)

आमच्या बैठकीसाठी मी या चरित्रातील दहाबारा लीळा निवडल्या होत्या. एका कन्नड स्नेह्यांनी त्यांचे भाषांतर हाती घेतले आहे. भाषांतर उत्तम आहे. कन्नड गद्याला त्या तुटक वाक्यांची लय सहज पेलते. परंतु जेथे मराठीत राऊळ ‘वेडे’ आहेत, तेथे त्यांनी ‘हुच्च’ न लिहिता ‘हुच्चनंते’, म्हणजे वेड्यासारखे, असे लिहिले आहे. मी हरकत घेतली. ते म्हणाले, ‘अहो, नुसते वेडा लिहिले तर आमच्या वाचकाला अनादर वाटेल. शिवाय पंथाच्या लोकांची मने दुखावतील.’ ही भीती मी उडवून लावू शकलो नाही. महानुभाव हा जिवंत पंथ आहे, आणि त्याच्या ग्रंथांशी बाहेरच्यांनी पूर्वी केलेल्या धसमुसळेपणाच्या कहाण्या आपल्याला ठाऊक आहेत. तरी मी एवढे म्हटले की हा शब्द आपला नाही, म्हाइंभटाचा आहे, आणि तो त्याने भक्तीने लिहिला आहे. वेडा म्हणण्यात अनादर आहे असे आपल्याला वाटते, ते कोणामुळे वाटते?

पुढच्या बैठकीला त्या वृद्ध भगिनींनी तो कन्नड मसुदा मागून घेतला आणि चष्मा वर करून बराच वेळ वाचला. त्या लग्नाच्या लीळेपाशी त्या मनापासून हसल्या. त्यांच्या वॉर्डात एक आजोबा होते, त्यांनाही दर महिन्याला लग्न करायचे असे, आणि परिचारिका त्यांच्यासाठी हार आणीत, असे त्यांनी सांगितले. ‘अंते’ त्यांना दिसला की नाही, कोण जाणे. तो मसुद्यात अजून तसाच आहे. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.